दहाच्या आत : पुण्याच्या सांस्कृतिक हंगामाची पार्श्वभूमी

दिवाळी उलटली की पुण्यातली मैदाने भाड्याने जायला लागतात आणि फेब्रुवारी संपेपर्यंत मोकळी सापडत नाहीत. गाण्याचे महोत्सव, चित्रप्रदर्शने, पुस्तकांचे मेळे, पुष्पप्रदर्शन, चित्रपट महोत्सव असे सगळे या चार महिन्यांत दाटीवाटीने बसते. हा हंगाम मुळात हवेने ठरवला. पण त्याला आजचा आकार दिला तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रात्रीच्या दहा ते बारा या दोन तासांनी, म्हणजे दहानंतरच्या ध्वनिवर्धकबंदीने आणि तिच्यातल्या मोजक्या सवलतीने. शहरातल्या कार्यक्रमांच्या आजच्या वेळा, दिवस आणि जागा समजून घ्यायच्या तर आधी हे दोन तास नीट समजून घ्यावे लागतात.

ऋतूला बांधलेले कलाप्रदर्शन ही युरोपात जुनी गोष्ट आहे. पॅरिसमध्ये १६६७ पासून राजाश्रयाची प्रदर्शने भरू लागली. लंडनचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून एकही वर्ष चुकलेले नाही. महासाथीमुळे २०२० चे ‘उन्हाळी’ प्रदर्शन ऑक्टोबरात उघडले, पण वर्ष गाळले गेले नाही. तिथे भिंतीवरच्या जागेवरून भांडणे होत. १७८४ मध्ये एका नामवंत चित्रकाराने हव्या त्या उंचीवर चित्रे लावली नाहीत म्हणून ती परत नेली आणि पुन्हा त्या प्रदर्शनाकडे फिरकला नाही. पॅरिसमध्ये १९०३ साली शरद ऋतूतले वेगळे प्रदर्शन निघाले. उन्हाळाभर बाहेर बसून रंगवलेले ताजे काम लगेच दाखवता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. दक्षिण गोलार्धात गणित उलटे. मेलबर्नने २००४ पासून जून ते ऑक्टोबर या थंडीच्या मोसमात मोठी प्रदर्शने भरवायला घेतली, तर सिडनीचा प्रकाशोत्सव २००९ पासून मे-जूनच्या लांब रात्री वापरतो.

आपल्याकडे हवेचा हिशेब वेगळा आहे. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून पुढच्या वर्षी एक संस्था उभी राहिली आणि मार्गशीर्षातल्या गाण्याच्या हंगामाला तिने कायमचे घर दिले. मुंबईत काळा घोडा परिसरातला नऊ दिवसांचा कलामहोत्सव १९९९ पासून फेब्रुवारीच्या तोंडावर असतो. कोचीच्या द्वैवार्षिकीने, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाने, १२ डिसेंबर २०१२ हा मुहूर्त धरला. दिल्लीचा कलाबाजार २००८ मध्ये ऑगस्टात सुरू झाला, पण २०११ मध्ये तो जानेवारीत आला. पाऊस आणि मोठे चित्रप्रदर्शन यांचे जमत नाही, हे आयोजकांना फार लवकर कळते.

पुण्याचा पहिला ठळक ऋतुबद्ध कार्यक्रम मात्र थंडीतला नव्हता. १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला भर उन्हाळ्यातली, कोर्टकचेऱ्या आणि शाळांच्या सुट्टीतली. माणूस मोकळा असेल तेव्हा संध्याकाळी जमवायचे, एवढा साधा हिशेब. भाषणाला उन्हाळा चालतो. तंतुवाद्याला तो अडचणीचा असतो आणि कागदावरच्या चित्राला पावसाळा त्याहून जास्त.

चित्रांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पावसाळ्यात दालने स्वस्त मिळतात आणि नवोदित चित्रकार नेमके तेव्हाच प्रदर्शन लावतात. मुंबईतल्या एका प्रख्यात दालनात तर पावसाळी प्रदर्शन हे कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठीच असते. पुण्यात जुलै-ऑगस्टात सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ६५-७० टक्क्यांच्या पुढे ती टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. जलरंगाचा कागद फुगतो आणि काचेला चिकटतो, आणि तिथला रंग काचेवर उतरतो. म्हणून कागद आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, किमान तीन-चार मिलिमीटर जाडी हवी. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या गोळ्या लावल्या की भिंतीची ओल थेट मागच्या पुठ्ठ्यात शिरत नाही. वातानुकूलन फक्त दालनाच्या वेळेत चालवून रात्री बंद करणे ही सर्रास होणारी चूक. दिवसा कोरडे, रात्री दमट असे रोज झाले की कागदाला लाटा येतात. कॅनव्हास ढिला पडला म्हणून पावसाळ्यातच मागच्या पाचरी ठोकून तो ताणला, तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत तोच कॅनव्हास आणखी आवळतो आणि कोपऱ्यातल्या रंगाला तडे जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आणि कागदावरच्या कामांवर ५० लक्सच्या आसपास प्रकाश, हे बाराही महिने लागू. बाकी सगळे ऋतूप्रमाणे बदलते.

आता मैदानांकडे. ‘सवाई’ म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला आणि पुढे तो तीन रात्रींचा झाला. डिसेंबरातली कडाक्याची थंडी, जमिनीवरची बैठक, शाली-कानटोप्या आणि पहाटेपर्यंत चाललेले गाणे. पुणेकरांना हे सांगायची गरज नाही. पुढच्या पिढीच्या महोत्सवांनी हाच साचा उचलला. रात्री नऊला सुरुवात, मध्यरात्रीनंतर ज्येष्ठ कलाकार, शेवट पहाटेच्या रागाने. हा साचा सुमारे अर्धशतक टिकला आणि मग एका नियमाने मोडला.

केंद्राचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम फेब्रुवारी २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, अपवाद फक्त बंदिस्त जागांचा. ऑक्टोबर २००२ मध्ये त्यात एक पोटकलम घातले गेले. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवप्रसंगी राज्य सरकार दहा ते बारा या वेळेत परवानगी देऊ शकते, मात्र वर्षभरात सगळे मिळून १५ दिवसच. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या बंदीच्या काटेकोर अंमलबजावणीवर जोर दिला आणि २८ ऑक्टोबर २००५ रोजी ही १५ दिवसांची सवलत वैध ठरवली. वाद मिटला असे त्या वेळी वाटले. प्रत्यक्षात तो तिथून सुरू झाला.

अडचण अशी की हे १५ दिवस एखाद्या महोत्सवाला मिळत नाहीत. ते सगळ्यांचे मिळून असतात. त्यांतून शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सवाचे काही दिवस, नवरात्रातले दोन-तीन, दिवाळी, ईद, नाताळ आणि ३१ डिसेंबर वजा करा. गाण्याच्या वाट्याला एखादा दिवस उरतो, क्वचित दोन. ही सवलत वापरण्याचा अधिकार राज्याने खाली सोपवू नये आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वेगवेगळ्या तारखा ठरवू नयेत, असे निकालात म्हटलेले आहे. व्यवहारात मात्र तारखांची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने जाहीर होते आणि स्थानिक गरजेसाठी एक-दोन दिवस राखून ठेवले जातात. पुण्यातल्या डिसेंबरच्या संगीताला मिळणारी बारापर्यंतची रात्र याच राखीव दिवसांतून येते. म्हणजे शहराच्या सर्वांत नावाजलेल्या महोत्सवाची एक संध्याकाळ दर वर्षी अर्ज करून मागून घ्यावी लागते.

मंडप बंदिस्त मानायचा का, हा दुसरा गुंता. नियमात उदाहरणे आहेत ती सभागृह, परिषदगृह, समाजमंदिर आणि मेजवानीच्या दालनाची. कापडी कनाती कितीही जाड लावल्या तरी त्या भिंती होत नाहीत, आणि हे मान्यच करावे लागते. कारण कापड उंच पट्टीचा आवाज थोडाफार अडवते, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा जवळजवळ जसाच्या तसा बाहेर जातो.

तिसरा गुंता शांतता क्षेत्राचा. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरमध्ये दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आणि रात्रीची ४०. पुण्यात महोत्सवाला पुरेल एवढे मोकळे मैदान मध्यवस्तीत शोधायला गेलात तर ते बहुतेक शाळा-कॉलेजचेच निघते. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीने स्वतंत्रपणे अधिसूचित केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र धरायची नाही असे ठरले. त्यावरही लगोलग न्यायालयात धाव घेतली गेली.

या नियमाची गरज कोणीही नाकारू नये. मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींनी घरातल्या आजारी माणसाचे काय होते, हे पेठांमध्ये राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण दोन तंबोरे आणि एक गळा यांना त्या भिंतींच्याच मापाने मोजणे हा मोठा अन्याय होता आणि आहे. आवाजाची मर्यादा आणि वेळेची मर्यादा या दोन निरनिराळ्या गोष्टी असताना नियमाने रात्रीपुरती दुसरीच निवडली. हद्दीवर ४५ डेसिबलच्या आत राहू शकणाऱ्या मैफलीलाही दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही.

आयोजकांनी यातून जो मार्ग काढला, त्यातून आजचे वेळापत्रक तयार झाले. तीन रात्रींचे चार आणि मग पाच दिवस झाले. सुरुवात दुपारी तीन-चारला सरकली. दुपारी तीन ते रात्री दहा म्हणजे सात तास. एका कलाकाराला ६० ते ७५ मिनिटे आणि मधल्या मांडणीला १५ ते २० धरली की पाच कलाकार बसतात, सहावा बसवला की शेवटच्याची गळचेपी ठरलेली. उशीर नेहमी आधीच्यांकडून होतो आणि तो फेडतो शेवटचा, जो बहुधा सर्वांत ज्येष्ठ असतो. दहाला पाच मिनिटे असताना द्रुत बंदिश गुंडाळून भैरवीकडे वळणे ही त्याचीच खूण.

रागांना गाण्याच्या ठरावीक वेळा असतात, म्हणून त्यांचेही स्थलांतर झाले. मालकंस, दरबारी, अडाणा, आणि पहाटेचे ललित-भटियार मोकळ्या मैदानावरून जवळजवळ गेले. त्यांच्या जागी भीमपलासी, मुलतानी, पटदीप, मधुवंती आले. पूर्वी महोत्सवात दुपारचा प्रहरच नसल्यामुळे हे राग मोठ्या श्रोतृवर्गापुढे फार कमी गायले जात. तेवढा फायदा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. तोटा मात्र मोठा आहे. दरबारीतला आंदोलित गंधार, म्हणजे हेलकावे घेणारा ‘ग’, निवांत मांडायला जी उत्तररात्र लागते ती संध्याकाळी साडेआठला कुठून आणायची? आणि नोकरदार श्रोता दुपारी तीनला पोचत नाही. पहिल्या दोन कलाकारांपुढच्या रिकाम्या खुर्च्या त्याचीच साक्ष देतात.

ध्वनियोजनाही या काळात बदलली. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज तिच्यापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५, यांतील जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे ६५. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ९५ असलेला कर्णा ३२ मीटरवर ६५ ला येतो. पण मंडप ६०-७० मीटर खोल असेल तर शेवटच्या रांगेला नीट ऐकू येणार नाही. म्हणून रंगमंचालगतचे दोन मोठे स्पीकर जाऊन मंडपभर ठरावीक अंतरावर लहान स्पीकर आले. मंचापासून दूरच्या प्रत्येक रांगेतल्या स्पीकरला, मंचावरचा आवाज तिथे पोचायला लागतो तेवढा विलंब द्यावा लागतो, ३० मीटरला साधारण ८८ मिलिसेकंद. तो दिला नाही किंवा चुकला तर श्रोत्याला तान दोनदा ऐकू येते आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. मोजणी कनातीपाशी नव्हे, हद्दीवर करायची आणि रिकाम्या मंडपात ठरवलेली पातळी माणसे भरल्यावर पुन्हा तपासायची, कारण भरलेला मंडप आवाज शोषून घेतो आणि ध्वनियोजक नकळत पातळी वाढवत जातो.

दुपार ते रात्र या नव्या वेळेने वाद्यांचे हालही वाढवले. डिसेंबरात पुण्यात दुपारी पारा ३० च्या आसपास असतो आणि रात्री १२-१३ वर उतरतो. गारव्याने पोलादी तारा आवळतात आणि स्वर चढतो. दव पडू लागले की तबल्याचे कातडे ढिले पडून स्वर उतरतो. दोन्ही वाद्ये एकमेकांपासून विरुद्ध दिशेला सरकतात. त्यात मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा पुन्हा ढिल्या पडतात. म्हणून तंबोरे जुळवून विंगेत ठेवण्यापेक्षा अर्धा तास आधी मंचामागे त्याच दिव्यांच्या उबेत ठेवणे आणि तबल्याची हातोडी हाताशी राखणे बरे. पूर्वी नऊ वाजता सुरुवात व्हायची तेव्हा हवा आधीच गार झालेली असे, त्यामुळे एकदा लावलेली वाद्ये तुलनेने टिकत.

गेल्या दशकाच्या अखेरीस ‘सवाई’ शनिवार पेठेतल्या शाळेच्या मैदानावरून मुकुंदनगरला गेला. पहाटेचे राग बंदिस्त नाट्यगृहांकडे वळले आणि दिवाळी पहाटेच्या मैफलींनी त्यांना नवे घर दिले, मात्र तिथेही मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक सहानंतरच सुरू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार सवलतीच्या दिवसांची संख्या आणि तपशील राज्याने आगाऊ जाहीर करायचे असतात. त्यामुळे डिसेंबरात बारापर्यंत गाणे हवे असेल तर मागणी वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवावी लागते, कलाकारांच्या तारखा ठरण्याच्या कितीतरी आधी.