न पडलेली बाटली

बोलिंग म्हटलं की आमच्या यवतमाळकडच्या पोरांना गोलंदाजीच आठवते. दहा खुंट्या पाडायचं ते टेनपिन बोलिंग त्यांनी फार तर मोबाइलवर पाहिलेलं. शाळेत ते सुरू करायला पाण्याच्या दहा बाटल्या, एक रबरी चेंडू आणि व्हरांड्याची फरशी पुरली.

पहिल्याच दिवशी पाचवीतल्या एकीने विचारलं, "सर, मधातली बाटली काऊन नाई पडत?" तिच्यात दोन बोटं पाणी राहून गेलं होतं. त्या प्रश्नावर आमचा आठवडा गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

वस्तू कलली आणि तिच्या गुरुत्वमध्यातून, म्हणजे तिचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूतून, खाली सोडलेली रेषा बुडाबाहेर गेली, की ती पडते. रिकाम्या बाटलीचा गुरुत्वमध्य साधारण मध्यावर असतो. लिटरभराच्या बाटलीचं प्लास्टिक पंचवीसेक ग्रॅमचं. तळाशी दोन बोटं पाणी त्याच्या कितीतरी पट जड. त्यामुळे गुरुत्वमध्य झपकन खाली येतो. मग काठोकाठ भरलेली सगळ्यात पक्की, असं मुलांनी ठरवून टाकलं. पण पाणी वाढवत नेलं की गुरुत्वमध्य पुन्हा वर चढतो. भरलेली बाटली जागची हलवायला जड, मात्र थोडी जास्त कलली की सावरत नाही. मुलांनी दोन्ही बाटल्या बोटाने कलवून पाहिल्या. कापसाने उंच भरलेली बंडी नाल्याच्या उतारावर का उलटते, हे मग मला सांगावंच लागलं नाही.

मांडणीत गणित आयतंच येतं. एक, दोन, तीन, चार अशा रांगा, मिळून 10. पाचवी रांग लावली तर 15. वीस रांगांचं काय? तुरीच्या दाण्यांचे तसेच दोन त्रिकोण उलटसुलट जोडले की 4 गुणिले 5 असा आयत होतो. त्याचा निम्मा 10. तसंच 20 गुणिले 21, त्याचे निम्मे 210.

गुण मोजणं मात्र अवघड. पहिल्याच फेकीत दहाही पडल्या, म्हणजे स्ट्राइक, तर 10 अधिक पुढच्या दोन फेकींचे गुण. म्हणजे मागचा हिशेब पुढच्या फेकींसाठी उघडा ठेवायचा. दहा डावांत, शेवटच्या डावातल्या दोन जादा फेकी धरून, सलग बारा स्ट्राइक बसले तर 300 होतात. "बारा दाहे तर 120," म्हणून मुलं भांडली. प्रत्येक डावाचे 10 अधिक 10 अधिक 10 असे 30, हे त्यांनी फळ्यावर स्वतःच उलगडलं. भूगोल, इतिहास ओढूनताणून आणायच्या फंदात मी पडलो नाही.

खऱ्या खेळात फाऊल रेषेपासून, म्हणजे जिच्या मागून चेंडू टाकायचा तिथून, पहिली खुंटी 60 फुटांवर, क्रिकेटच्या खेळपट्टीहून सहा फूट जवळ. खुंटी दीड किलोच्या आसपास, चेंडू जास्तीत जास्त 7.26 किलो. उजव्या हाताच्या खेळाडूचा आदर्श स्ट्राइक बसतो तेव्हा चेंडू फक्त चार खुंट्यांना लागतो. उरलेल्या सहा दुसऱ्या खुंट्यांच्या धक्क्यानेच पडतात.

आमच्या रिकाम्या बाटल्या इतक्या हलक्या, की शेजारणीला पाडण्याआधी स्वतःच भिरकावल्या जातात. किती पाणी घातलं तर एक बाटली दुसरीला पाडेल? सध्या पाचवीच्या वहीत तीन रकाने आखलेत: पाणी किती कप, फेक कितवी, पडल्या किती.