चाळिशीनंतर ताई ची शिकायचंय? यायच्या आधी हे वाचा

फोनवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "सर मी 46 चा आहे, आता जमेल का?" आणि लगेच दुसरा, "किती दिवसात पूर्ण येतं?" पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर फोनवर सांगता सांगता चहा गार होतो, म्हणून हा कागद छापलाय, निवांत वाचा आणि मग यायचं की नाही ते ठरवा.

आधी नावाबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं 'ताई ची' मधला ची म्हणजे ती प्राणशक्तीवाली ची, पण चिनीत ते दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे येईपर्यंत सारखे ऐकू यायला लागले एवढंच. पूर्ण नाव ताईजीच्वान, आणि च्वान म्हणजे मूठ. म्हणजे सकाळी बागेत आजी-आजोबा हळू हळू हात हलवताना दिसतात ती मुळात लढायची विद्या आहे, हे कळलं की निम्मे लोक खूश होतात आणि निम्मे घाबरतात.

तिचं गाव म्हणजे चीनच्या हेनान प्रांतातलं चेनजियागौ, तिथल्या चेन घराण्यात 17 व्या शतकात चेन वांगटिंगपासून सुरुवात झाली असं बहुतेक जण मानतात. वुडांग डोंगरावरच्या साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहून ही विद्या काढली अशीही एक गोष्ट आहे, ती आम्हीपण क्लासमध्ये सांगतो, पण गोष्ट म्हणूनच. नंतर यांग लुचान (1799-1872) हा बाहेरचा माणूस त्या गावात राहून शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग चेंगफू याने संथ, एका लयीतला जो प्रकार लोकांपर्यंत पोचवला तोच आज जगभर दिसतो. 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने यांग पद्धतीतून 24 हालचालींचा छोटा फॉर्म (म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच) बसवला, सगळा करायला 5-6 मिनिटं लागतात. आम्ही फॉर्मची सुरुवात त्याच्यापासूनच करतो. चेन पद्धतीत मध्येच जोरात फटके आणि उड्या येतात, ते नंतर, आणि ज्यांच्या गुडघ्यांची परवानगी असेल त्यांनाच.

आता खरं सांगायचं तर पहिले 3 महिने कंटाळा येणार. व्हिडिओत बघितलेलं काहीच करायला मिळत नाही, नुसतं उभं राहायचं आणि चालायचं. हो, चालायचं! पाऊल टाकताना आधी सगळं वजन मागच्या पायावर घ्यायचं, पुढचा पाय रिकामा, टाच टेकते पण वजन अजून गेलेलं नसतं, म्हणजे त्या क्षणी कोणी तो पाय उचलून बाजूला ठेवला तरी तुम्ही पडणार नाही, मग हळूहळू तळवा, बोटं, आणि शेवटी वजन. चिनी लोक याला मांजराची चाल म्हणतात. आम्ही म्हणतो पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून जाताना जसं आधी पाय चाचपून बघता तसं चाला, लगेच कळतं सगळ्यांना.

लहान पोरं बघून करून टाकतात. मोठ्यांचं तसं नसतं, मोठी माणसं पहिल्या दिवसापासून "हात कुठे ठेवायचा?" हेच विचारतात आणि पायाकडे कोणाचंच लक्ष नसतं. हाताचं आपोआप होतं, थोडा धीर धरा.

गुडघ्याबद्दल मात्र जरा जास्त लिहितो कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. आधी जिथे शिकायचो तिथे पहिल्या महिन्यापासून खूप खाली बसून करायला लावायचे, फोटोत मस्त दिसायचं, आणि वर्षभरात माझा उजवा गुडघा असा दुखायला लागला की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. चूक काय होती तर वजन पायावर असतानाच मी पाऊल वळवत होतो, पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि वरून मांडी फिरतेय, मग मधला पिळवटला जातो तो गुडघाच. म्हणून आमच्याकडे नियम सोपा, वजन काढल्याशिवाय पाऊल वळवायचं नाही, गुडघ्याचं तोंड पायाच्या बोटांच्याच दिशेला, आणि पहिलं वर्षभर उंच उभं राहूनच करायचं. कोणी "अजून खाली बसू का?" विचारलं तर उत्तर नाही.

दुसरा शब्द सारखा कानावर पडेल तो म्हणजे 'सोंग'. आपल्या मराठीतलं सोंग नव्हे! चिनीत याचा अर्थ सैल, पण गळून गेल्यासारखं ढिलं नाही, ओल्या टॉवेलसारखं जड आणि सैल. ऑफिसात दिवसभर खांदे कानापर्यंत नेऊन बसणाऱ्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

सहाएक महिन्यांनी तुइशौ सुरू होतं, म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल शोधायचा. इथे जिमवाले दणकट लोक गंमतशीर अडकतात, ताकद लावली की समोरच्याला लगेच कळतं जोर कुठून येतोय आणि तो नुसता बाजूला होतो.

"रस्त्यावर मारामारी झाली तर उपयोग होईल का?" वर्ष-दोन वर्षात तरी नाही, पळा.

तब्येतीचं म्हणाल तर तोलासाठी फायदा होतो हे नीट तपासलं गेलंय, 2012 मध्ये पार्किन्सनच्या 195 पेशंटवर झालेला अमेरिकेतला अभ्यास आहे, आठवड्यातून 2 वेळा एकेक तास असं 24 आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला. पण शुगर जाईल, गोळ्या बंद होतील असलं काही आम्ही बोलत नाही. चक्कर येत असेल, मणक्याचा त्रास असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा, लपवू नका प्लीज.

ड्रेस लागत नाही, ट्रॅक पँट आणि सुती टीशर्ट चालतो. बेल्ट आणि परीक्षा आमच्याकडे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर तुमची आमच्याकडे निराशा होईल. बूट मात्र सपाट, पातळ तळव्याचे घ्या, जाड फोमचे महागडे रनिंग शूज घालून आलात तर एका पायावर उभं राहिल्यावर डुलत राहाल आणि वाटेल आपल्यालाच जमत नाहीये. साधे कॅनव्हासचे पुरतात.

फी महिन्याची घेतो, वर्षाची एकदम घेत नाही कारण दुसऱ्या महिन्यात गळती होते हे आम्हाला माहितीये आणि त्या पैशावर क्लास चालवायचा नाहीये. घरी रोज 15 मिनिटं करायला जमणार नसेल तर मग जरा थांबा, नुसतं क्लासला येऊन दर वेळी तिथल्या तिथेच राहाल. पहिले 2 दिवस फुकट आहेत, पोट फार भरलेलं नको, आणि पावसात गच्चीऐवजी खालच्या हॉलमध्ये असतो, तेव्हा सरळ वर जाऊन कुलूप बघून परत फिरू नका.