गवती चहा: परसातली जात आणि भट्टीतली जात

मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारा गवती चहा आणि बाजारात ‘लेमनग्रास ऑइल’ म्हणून मिळणारे तेल यांचा इतिहास सर्रास एकच समजला जातो. मात्र घरच्या चहात पडते ती ‘सिट्रेटस’ जात, तर केरळच्या तेलाचा मोठा व्यापार उभा राहिला तो मुख्यतः ‘फ्लेक्झुओसस’ या जातीवर.

परसातल्या जातीला तुरा क्वचितच येतो. त्यामुळे पावसाच्या तोंडावर शेजारणीकडून मुळासकट ठोंब आणून लावायचा, बुंधा दाट झाला की फोडून पुढे द्यायचा, हीच तिच्या प्रसाराची रीत राहिली. अशी हातोहात पसरलेली वनस्पती व्यापाराच्या वहीत सापडत नाही. चरकसंहितेच्या हरितवर्गात आले, मुळा, तुळस यांच्या पंगतीत ‘भूस्तृण’ येते आणि अनेक अभ्यासक ते गवती चहाच्याच गटातील मानतात. दूध-साखरेचा चहा घरोघरी पोहोचला तो विसाव्या शतकात. म्हणून चहाच्या आधणात ही पात घालण्याची आपली सवय त्या मानाने अलीकडची आहे. काढ्याची परंपरा अधिक जुनी असावी.

तेलाची हकिगत मात्र व्यवस्थित नोंदलेली आहे. मलबार आणि त्रावणकोरच्या डोंगरउतारांवरचे गवत कापून, वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेले तेल कोचीन बंदरातून साबण आणि अत्तरांच्या कारखान्यांकडे जाई. (खानदेशातून मुंबईमार्गे परदेशी जाणारे रोशा तेल याच कुळातल्या गवताचे, पण त्याचा गंध गुलाबाचा.) लेमनग्रासच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारे द्रव्य, असते. सिट्रलपासून आयोनोन हे सुगंधी रसायन आणि त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवता येते. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या जीवनसत्त्वाच्या कृत्रिम निर्मितीची पद्धत सिद्ध झाल्यावर तेलाचे महत्त्व आणखी वाढले. केरळात ओडक्कली येथे १९५१ मध्ये संशोधन केंद्र निघाले आणि तिथूनच ‘सुगंधी’ हे वाण शेतकऱ्यांकडे गेले. पुढे कारखान्यात कृत्रिम सिट्रल तयार होऊ लागले आणि या शेतीचा मोठा आधार गेला.

आरोग्याच्या दाव्यांमध्ये पात आणि तेल यांची गल्लत होते, ती टाळायला हवी. ओल्या पातीत तेलाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते; सर्दीत आले-तुळशीबरोबर ती उकळून पिणे वेगळे आणि बाटलीतले तीव्र तेल पोटात घेणे वेगळे. हे तेल वाफेबरोबर उडते, म्हणूनच भट्टीत काढता येते, आणि त्याच कारणाने उघड्या पातेल्यात पात खळखळ उकळली की तिचा गंध स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात थोडाच उरतो. पात चुरगाळून शेवटी घालावी आणि लगेच झाकण ठेवावे.