दोन टक्क्यांची देशभक्ती: अमेरिकेतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांनी थोडा जादा कर द्यावा, ती देशभक्तीच आहे, असे जो बायडन सप्टेंबर २००८ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत म्हणाले. तेव्हा ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. पंधरवड्याने झालेल्या जाहीर वादात विरोधी पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी त्यांना सुनावले, की मध्यमवर्गात याला कोणी देशभक्ती म्हणत नाही. दोघांच्याही बोलण्याला अमेरिकेच्या इतिहासात आधार आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

सुरुवात बोस्टनच्या बंदरापासून करावी लागते. अमेरिकेत तेव्हा ब्रिटिशांच्या वसाहती होत्या. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री चिडलेल्या वसाहतवाल्यांनी ३४२ पेट्या चहा पाण्यात फेकला. चहावरचा कर पौंडभर वजनामागे तीन पेन्स होता आणि त्या वर्षीच्या नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्तच पडणार होता. राग रकमेचा नव्हता. ज्या ब्रिटिश संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही, तिने कर लावायचाच कशाला, हा प्रश्न होता. पुढे प्रचारसभांमधून ‘करविरोध म्हणजे देशभक्ती’ एवढेच उरले आणि प्रतिनिधित्वाचा मुद्दा गळाला. मला ही या इतिहासाची सर्वांत मोठी हानी वाटते. कारण व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झाले, तेव्हा १७९४ मध्ये सुमारे १३ हजारांची फौज घेऊन निघाले ते स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन. हा कर लोकांनी निवडलेल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, लावला होता.

आयकर आला तो यादवी युद्धाच्या खर्चासाठी, १८६१ मध्ये; युद्धानंतर १८७२ मध्ये तो संपला. १८९४ मध्ये चार हजार डॉलरवरच्या उत्पन्नावर दोन टक्के आयकराचा प्रस्ताव आला, तेव्हा न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळातले वॉर्ड मॅकअॅलिस्टर यांच्या नावाने श्रीमंत देश सोडून जातील अशी धमकी फिरू लागली. काँग्रेसचे सदस्य विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी प्रतिनिधीगृहात तिचा समाचार घेतला. कितीही हलका माणूस असला, तरी त्याची देशभक्ती दोन टक्क्यांपेक्षा उथळ असेल असे आपण म्हणणार नाही, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दोनच वर्षांनी ब्रायन अध्यक्षपदासाठी उभे राहिले. तो कर मात्र १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. आयकराला पक्का पाया मिळाला तो १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने.

कर आणि देशप्रेम सर्वांत घट्ट जुळले ते दुसऱ्या महायुद्धात. तोवर आयकर थोड्या सधनांपुरता होता, आता तो कामगारांच्या पगारापर्यंत पोचला. १९४२ च्या एका कराला तर ‘व्हिक्टरी टॅक्स’ असेच नाव होते. वेळेवर कर भरा, विमाने आणि तोफा तयार होतील, हे सरकारने डोनाल्ड डकच्या कार्टूनमधून घरोघरच्या माणसाला पटवले. सर्वांत वरच्या टप्प्याचा दर ९४ टक्क्यांवर गेला. मुलगा आघाडीवर असलेल्या घराला हे पटवायला फार शब्द लागत नव्हते.

शांततेच्या काळात ती गाठ सैल होत गेली. १९८४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर माँडेल यांनी कर वाढवावे लागतील असे उमेदवारी स्वीकारतानाच सांगून टाकले आणि ५० पैकी ४९ राज्ये गमावली. त्यांना हरवणारे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८५ मध्ये तर असलेली करपद्धतीच अमेरिकेच्या वृत्तीला परकी ठरवली. २००३ मध्ये इराकवर सैन्य चालून गेले आणि त्याच वसंतात काँग्रेसने कर कमी केले. युद्धाची झळ सैनिकांच्या घरांपुरती राहिली. बायडन यांचे वाक्य ऐकायला इतके अनोळखी का वाटले, त्याचे एक कारण इथे आहे.

२००९ मध्ये बोस्टनच्या चहाचे नाव घेऊन ‘टी पार्टी’ हे करविरोधी नवे आंदोलन उभे राहिले आणि १५ एप्रिलला, म्हणजे करविवरण भरण्याच्या शेवटच्या दिवशी, गावोगावी सभा झाल्या. दोनच महिन्यांपूर्वी, निवडून आलेल्या काँग्रेसने मंजूर केलेल्या कायद्याने बहुतेक नोकरदारांचा कर कमी झाला होता.