धूळ चारण्याच्या उलट काय?

प्रतिस्पर्ध्याचा पार धुव्वा उडवला हे सांगायला इंग्रजी बोलीभाषेत क्रियापदांची चैन आहे. क्लॉबर, थ्रॅश, ड्रब, लिक, क्रीम, आणि गेम खेळणाऱ्या मंडळींचं लाडकं ‘ओन’. यातली निम्मीअधिक थेट मारहाणीतून आलेली. ‘क्लॉबर’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीत रुळलं आणि पुढे खेळाच्या बातम्यांत शिरलं. आता प्रश्न असा, की ‘क्लॉबर’चा विरुद्धार्थी शब्द कोणता?

कोशात पाहिलं तर अशा क्रियापदांसमोर हरणे, शरण जाणे, माघार घेणे आणि कधी कधी चक्क मदत करणे असे शब्द एका ओळीत मांडलेले दिसतात. प्रत्येक थोडा थोडा पटतो, पण ‘गरम’ म्हटल्यावर ‘थंड’ जसं चटकन ओठांवर येतं तसं यातलं काहीच येत नाही. दोष कोशकारांचा नाही. ‘विरुद्ध’ हे नातं शाळेत शिकवलं त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

विरुद्धार्थी शब्द अर्थाने एकमेकांपासून फार लांब असतात असं आपण धरून चालतो. खरं तर ते अगदी जवळ असतात. ‘गरम’ आणि ‘थंड’ दोन्ही तापमानाबद्दलच बोलतात. बाकी सगळं सारखं असतं, फक्त एका बाबतीत टोकं उलटी. ‘हत्ती’ आणि ‘मंगळवार’ यांच्यात इतकं अंतर आहे की त्यांना विरुद्ध म्हणायची सोयच नाही. म्हणजे विरुद्धार्थी शब्द शोधायचा तर अर्थाचे सगळे पैलू जागच्या जागी ठेवून नेमका एकच उलटायचा. अडचण तिथेच येते. ‘क्लॉबर’मध्ये उलटवण्याजोगे पैलू एकापेक्षा जास्त आहेत, आणि कोणता उलटवायचा हे शब्द स्वतः सांगत नाही.

आधी बाजू उलटवून पाहू. घटना तीच ठेवायची आणि हरलेल्याच्या बाजूने सांगायची. भाषाशास्त्रात अशा जोड्यांचा वेगळा वर्ग आहे. विकत घेणे आणि विकणे, देणे आणि घेणे, शिकवणे आणि शिकणे. व्यवहार एकच, बघणारे डोळे दोन. जॉन लायन्स यांनी 1977 सालच्या आपल्या अर्थविचारावरील ग्रंथात या वर्गाला ठळक जागा दिली. ‘हरवणे’ आणि ‘कोणाकडून हरणे’ ही याच वर्गातली जोडी. पण बोलीभाषेत शिरलं की ही जोडी मोडते. ‘क्लॉबर’ला असा आरसा नाही. ‘क्लॉबर झालो’ असं कर्मणी वळण घेऊनच वेळ मारून न्यावी लागते.

मला यात सगळ्यात रंजक वाटते ती हरण्याच्या बोलीची रचना. इंग्रजीत हरण्यासाठीही चटकदार शब्द आहेत. ऐन मोक्याला हातपाय गळाले तर ‘चोक’. टेनिसमध्ये मुद्दाम सामना सोडून दिला तर ‘टँक’. पत्ते खाली ठेवून डाव सोडला तर ‘फोल्ड’. पण यातल्या एकाही शब्दाला प्रतिस्पर्ध्याची गरज नाही. ‘क्लॉबर’, ‘थ्रॅश’, ‘ओन’ यांना कर्म हवंच. कोणाला तरी क्लॉबर करावं लागतं. ‘चोक’ मात्र माणूस एकटाच करतो. जिंकणं ही दुसऱ्यावर केलेली क्रिया आणि हरणं ही स्वतःतली खोट, असा निवाडाच या व्याकरणात दडलेला आहे. त्यामुळे ‘त्याने मला क्लॉबर केलं’ हे उलटवून ‘मी चोक झालो’ म्हटलं तर घटना तीच राहात नाही, जिंकणाऱ्याचं श्रेय गायब होतं. मराठीची इथे थोडी सोय आहे. मात करणे आणि मात खाणे ही चोख जोडी आहे. पण ‘धूळ चारणे’पाशी आपलीही पंचाईत होते. चारली म्हणजे कोणीतरी खाल्ली असणार, तरी ‘धूळ खात पडणे’ म्हणजे फडताळात विसरून राहणं, भलतंच काहीतरी.

आता फरकाचा पैलू घ्या. ‘क्लॉबर’मध्ये नुसता विजय नसतो, मोठ्या फरकाने मिळवलेला विजय असतो. तो फरक उलटवला तर विरुद्ध शब्द होतो ‘एज’ किंवा ‘निप’, म्हणजे केसाच्या अंतराने जिंकणे. खेळाच्या बातमीत मथळा लिहिणाऱ्याला विचारलं तर तो बहुधा हीच जोडी देईल, आणि त्यात हरणं कुठेच नाही! दोन्ही शब्द विजेत्याचेच. जो जिंकला तोच जिंकला, पण कसा, यावर विरोध उभा राहिला.

तिसरा पैलू निकालाचा. हरवलं नाही तर मग काय झालं? टेनिसमध्ये उत्तर सोपं आहे, कारण तिथे बरोबरी नसते. एक जिंकला नाही म्हणजे हरला. जिवंत आणि मृत यांच्यासारखी ही मधली जागा नसलेली जोडी झाली. बुद्धिबळात बरोबरी असते, म्हणून ‘जिंकला नाही’ यातून ‘हरला’ निघत नाही. कसोटी क्रिकेटने तर मधली जागाही दोन खणांत वाटली आहे, अनिर्णित आणि बरोबरीत. यातला दुसरा प्रकार इतका दुर्मीळ की अडीच हजारांहून जास्त कसोट्यांत तो दोनदाच घडला, 1960 आणि 1986 साली. म्हणजे कोणता शब्द कशाच्या विरुद्ध हे ठरवण्यात खेळाचे नियमही हात घालतात.

पीटर मार्क रोजे यांनी 1852 साली आपला विषयवार शब्दसंग्रह छापला, तेव्हा विरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या रकान्यांत समोरासमोर बसवल्या. ‘यश’समोर ‘अपयश’. शरण जाण्याचे शब्द मात्र ‘शरणागती’ या निराळ्या घरात गेले. हा भेद बरोबरच आहे. शरण जाणारा आपण होऊन थांबतो, धुव्वा उडालेल्याला कोणी विचारत नाही.

तरीही एक कोडं उरतं. काही जोड्या इतक्या पक्क्या का असतात? 1910 साली केंट आणि रोझानॉफ यांनी हजार जणांना शंभर शब्द ऐकवून मनात येणारा पहिला शब्द विचारला. ‘काळोख’ ऐकल्यावर ‘उजेड’, अशी उत्तरं वारंवार आली. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ‘वर्डनेट’ हा संगणकीय कोश बांधायला घेतला, तेव्हा त्यांना दिसलं की विरोधाचं नातं अर्थांपेक्षा शब्दांमध्ये असतं. इंग्रजीत ‘बिग’ची जोडी ‘लिटल’शी आणि ‘लार्ज’ची ‘स्मॉल’शी. ‘लार्ज’ आणि ‘लिटल’ अर्थाने उलटे असूनही जोडीदार वाटत नाहीत. चार्ल्स आणि मिलर यांचं 1989 सालचं म्हणणं असं, की पक्के विरुद्ध शब्द एकाच वाक्यात पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्या सहवासातून जोडी ठरते. जस्टेसन आणि कॅट्झ यांनी 1991 साली ‘ब्राउन’ या इंग्रजी मजकुराच्या दहा लाख शब्दांच्या संग्रहात विशेषणांचा हिशेब मांडला, आणि विरुद्ध शब्द निव्वळ योगायोगाने भेटावेत त्याहून जास्त वेळा एका वाक्यात भेटतात हे दाखवलं. बोलीतलं क्रियापद इथे मार खातं. ते येतं, गाजतं आणि कोणाशी सूत जुळण्याआधीच जुनं होतं.

हाच सहवास यंत्रांना गोंधळात टाकतो. 2013 साली गूगलमधल्या संशोधकांनी मांडलेली ‘वर्ड टू व्हेक’ पद्धत शब्दाचा अर्थ त्याच्या आसपासच्या शब्दांवरून आकड्यांत बसवते. ‘संघ सामना जिंकला’ आणि ‘संघ सामना हरला’ यांत शेजारी तेच, म्हणून जिंकणे आणि हरणे यंत्राला जवळपास समानार्थी वाटू लागतात. यंत्र तसं अगदीच चुकत नाही, हे दोन शब्द खरोखरच जवळचे आहेत. फक्त ज्या एका बाबतीत ते उलटे आहेत, नेमकी तीच त्याच्या हातून निसटते.

‘ओन’ची गंमत याहून निराळी. मूळ ‘मालकी असणे’ या अर्थी त्याला आरशासारखा जोडीदार आहे. मी पुस्तकाचा मालक आहे, किंवा पुस्तक माझं आहे. या दुसऱ्या बाजूसाठी इंग्रजीत ‘बिलाँग’ हे क्रियापद आहे. पण शब्द गेमिंगच्या बोलीत उतरला तेव्हा हा जोडीदार मागेच राहिला. सामन्यात ज्याचा धुव्वा उडाला, तो काही जिंकणाऱ्याला ‘बिलाँग’ होत नाही. विरोध शब्दाच्या एका अर्थाला चिकटतो, सगळ्यांना नाही, आणि शब्दाने नवा अर्थ घेतला की त्या अर्थाचा जोडीदार नव्याने शोधावा लागतो. ‘ओन’ला तो अजून मिळालेला नाही, खेळाडू ‘ओन्ड’ म्हणूनच भागवतात.