खुलासा: डेव्हिड ससून ग्रंथालय ससून यांनी स्थापन केले काय?

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील हे ग्रंथालय एकोणिसाव्या शतकातील ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी स्थापन केले, हा समज नोंदींशी जुळत नाही. सरकारी टांकसाळ आणि गोदीतील तरुण यांत्रिक कारागिरांनी 1847 मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ सुरू केली आणि तिचेच पुढे हे ग्रंथालय झाले. ससून यांची 60,000 रुपयांची देणगी मोठी होती, परंतु ती इमारतीसाठी होती. त्यांचे निधन 1864 मध्ये झाले आणि इमारत 1870 मध्ये पूर्ण झाली, म्हणजे प्रवेशदालनात ज्यांचा पुतळा उभा आहे त्यांनी ती वास्तू पाहिलीच नाही. पाटीवर नाव देणगीदाराचे राहिले, कारागिरांचे नाही.