कावीळ परतली म्हणजे लिव्हर गेलं, असं नव्हे

खानापूर-निपाणीकडे एक समज पक्का आहे: लिव्हर बदललेल्याला पुन्हा कावीळ झाली, की नवं लिव्हर वाया गेलं. मग कुणीतरी त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतं. तो हाताला सालीचा रस चोळतो, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो. पाणी पिवळं! अहो, आंब्याची साल नि चुना एकत्र आले, की धडधाकट माणसाच्या हातूनही पाणी पिवळंच होणार.

अशी कावीळ कधी रिजेक्शनचीही, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारल्याचीही असते, म्हणून नेमकं कारण शोधायला रक्त आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, तपासतात. पण पुष्कळदा दात्याची आणि रुग्णाची पित्तनळी जिथे शिवलेली असते, तिथेच ती आकसलेली असते. पित्त तुंबतं, अंग खाजतं, लघवी गडद होते. त्यासाठी लगेच पोट उघडत नाहीत. तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, फुग्याने जागा रुंदावतात आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे छोटी नळी, ठेवतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण दर 3 महिन्यांनी बदलावा लागतो, बहुधा वर्षभर. दुसऱ्या खेपेनंतर बरं वाटलं म्हणून लोक जायचे थांबतात, घोटाळा तिथेच होतो. दुर्बीण पोचली नाही, तर बरगड्यांमधून बारीक नळी घालतात.

थंडी वाजून ताप भरला तर मात्र रात्रीच निघायचं, सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही.